उत्तरेचं बंदर उघडं, दक्षिणेचं बंद

मुर्मान्स्कमध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य मावळतो, तो जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत पुन्हा डोकं वर काढत नाही. रशियाच्या वायव्य टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, ६९ अक्षांशाजवळ हे बंदर आहे. मधल्या चाळीसेक दिवसांत दुपारचा थोडा वेळ निळसर उजेड पडतो, बाकी सगळी रात्रच. पारा उणे वीसपर्यंत उतरला की तिथल्या कोला खाडीतून वाफा निघू लागतात, चुलीवर आधण ठेवल्यासारख्या. पाणी अर्थातच उकळत नसतं, ते शून्याच्या जेमतेम वर असतं. पण वरची हवा इतकी गार, की तिच्यापुढे ते पाणी कढतच म्हणायचं. त्या वाफांमधून क्रेनचे हात फिरत असतात, जहाजांत माल भरला जात असतो. धक्क्याला लागलेलं पाणी काळंभोर आणि मोकळं.

आता नकाशावरचं बोट खाली सरकवा. जवळजवळ ५०० किलोमीटर दक्षिणेला, साडेचौसष्ट अक्षांशावर, श्वेत समुद्राच्या काठी अर्खांगेल्स्क आहे. हे बंदर १५८४ साली वसलं. मुर्मान्स्कचा जन्म १९१६ चा, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी धाकटा. या जुन्या, दक्षिणेकडच्या बंदरात नोव्हेंबरमध्ये बर्फ धरतो तो एप्रिल सरेपर्यंत हटत नाही. जहाज आत आणायचं तर पुढे आइसब्रेकर चालवावा लागतो.

दोन्ही गावांचं जानेवारीचं सरासरी तापमान पाहिलं, तर ते उणे दहा-बाराच्या घरातच निघतं. हवा जवळपास सारखी, अंधार उत्तरेकडे जास्त, आणि तरी गोठतं ते दक्षिणेचं बंदर. थंडीमुळे पाणी गोठतं, हे आपण तिसरीत शिकलो. मग इथे काय बिघडलं?

हे कोडं नकाशात सुटत नाही. त्यासाठी आधी स्वयंपाकघरात जावं लागतं.

खोबरेल खालून, पाणी वरून

पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात सकाळी खोबरेल तेलाची बाटली उजेडात धरून पाहा. तेल थिजायला लागतं ते तळापासून. पांढरा थर खाली बसलेला आणि पातळ तेल त्याच्यावर. कढवलेल्या तुपाचंही तेच. जगातल्या बहुतेक पदार्थांची ही रीत आहे. थंड झाला की पदार्थ आकसतो, आकसला की जड होतो आणि जड झाला की तळाला जातो.

पाणीही सुरुवातीला असंच वागतं. तीस अंशांवरून वीसवर, वीसवरून दहावर येताना ते आकसत जातं. पण ४ अंशांपाशी त्याचं मन फिरतं. तिथून पुढे ते फुगायला लागतं, हलकं होऊ लागतं. आणि गोठताना तर एकदम नऊ टक्के फुगतं. फ्रीझरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली काचेची बाटली ज्याने एकदा फोडली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

कारण आहे रेणूंच्या हातात. पाण्याच्या एका रेणूला शेजारच्या चार रेणूंचे हात धरता येतात. पाणी ऊबदार असतं तोवर ही पकड क्षणोक्षणी सुटते आणि पुन्हा जुळते, त्यामुळे रेणू मिळेल त्या फटीत घुसतात. गारवा वाढला की हात सुटेनासे होतात. दहा बायका एका सतरंजीवर दाटीवाटीने सहज बसतात. त्याच दहा जणींनी मंगळागौरीला हात धरून फेर धरला की खोली पुरत नाही. बर्फ म्हणजे हा फेर. रेणू षटकोनी कड्या करून उभे राहतात, कड्यांच्या मध्ये पोकळी उरते, आणि म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो.

आता एखाद्या गोड्या पाण्याच्या तळ्याची कल्पना करा. शरद सरतो, वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि बुडतं. खालचं ऊबदार पाणी त्याच्या जागी वर येतं. ही उलथापालथ आठवडेच्या आठवडे चालते, आणि अखेर सगळं तळं ४ अंशांवर येऊन ठेपतं. मग मात्र खेळ बदलतो. यापुढे गार झालेलं पाणी हलकं, त्यामुळे ते वरच राहतं. वरचा तेवढा पातळ थर तीनवर येतो, दोनवर येतो, शून्यावर येतो आणि दुधावर साय धरावी तसा गोठतो. खालच्या पाण्याला त्याची फारशी झळ लागत नाही. श्रीनगरचं दल सरोवर गोठतं तेव्हा लोक फोटो काढतात ते या सायीचे. सायीखाली माशांचं नेहमीचं चाललेलं असतं.

तळ्याला गोठायला फार थंडी लागत नाही, ती यामुळे. एका ठरावीक टप्प्यानंतर थंडीला सगळ्या तळ्याशी झुंजावं लागत नाही. वरची वीतभर जाडी तिला पुरते.

मीठ टाकलं की

घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. दोन स्टीलची भांडी घ्या, दोन्हींत पाव-पाव लिटर पाणी. एकात दीड चहाचा चमचा मीठ विरघळवा. समुद्राचं पाणी साधारण इतकंच खारं असतं, लिटरमागे ३५ ग्रॅम. दोन्ही फ्रीझरमध्ये ठेवा आणि अधूनमधून दार उघडून बघा. साध्या पाण्यावर काचेसारखी कडक पापडी धरते, बोटाने टिचकी मारली तर टणटण वाजते. खाऱ्या पाण्यात बराच वेळ काही घडत नाही. मग बारीक सुया दिसतात, सुयांचा भुगा होतो, भुग्याचा लगदा. चमच्याने दाबला तर दबतो. हा लगदा गाळणीत घेऊन खाली निथळलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवा. तुम्ही टाकलं होतं त्याहून ते कितीतरी खारट लागेल.

मिठाने इथे दोन गोष्टी केल्या. पहिली सर्वांना माहीत असलेली. मिठाचे कण फेर धरणाऱ्या रेणूंच्या मध्येमध्ये येतात, त्यामुळे गोठायला जास्त थंडी लागते. समुद्राचं पाणी शून्याला गोठत नाही, उणे १.९ अंशांच्या आसपास गोठतं. मे महिन्याच्या सुटीत ज्यांनी लाकडी पॉट फिरवून आइस्क्रीम केलं आहे, त्यांच्या हाताने हे अनुभवलेलं आहे. बर्फात खडे मीठ पडलं की बर्फ वितळू लागतो, आणि तरी बादली आणखी गार होते, इतकी की आतलं दूध थिजतं. मीठ-पाण्याचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहू शकतं.

पण उणे १.९ एवढ्यानेच मुर्मान्स्कचं कोडं सुटत नाही. उणे वीसच्या हवेला शून्य काय आणि उणे दोन काय, सारखंच. खरी करामत मिठाच्या दुसऱ्या कामात आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

मीठ वाढवत गेलं की गोठण्याचा अंश खाली सरकतो. पण पाण्याचं मन जिथे फिरतं तो ४ अंशांचा टप्पा त्याहून झरझर खाली सरकतो. लिटरमागे साधारण २५ ग्रॅम मीठ झालं की दोघांची गाठ पडते. त्याहून खारं पाणी असेल, तर हलकं होण्याची पाळी येण्याआधीच ते गोठतं. म्हणजे खऱ्या समुद्राच्या पाण्याचं मन फिरतच नाही. शेवटच्या क्षणापर्यंत ते आकसत राहतं, जड होत राहतं, बुडत राहतं.

याचा अर्थ काय होतो बघा. तळ्यात वरची वीतभर जाडी गार करून थंडीचं काम भागलं होतं. समुद्रात वरचा थर गार झाला की तो खाली जातो आणि खालून ताजं, ऊबदार पाणी वर हजर होतं. ते गार करावं, तर तेही बुडतं आणि आणखी खालचं वर येतं. पन्नास, शंभर, दोनशे मीटर, जिथवर पाणी सारखंच खारं आहे तिथवरचा सगळा डोलारा थंड केल्याशिवाय वरची साय धरत नाही. थंडीला पृष्ठभागाशी नाही, त्याच्यामागे उभ्या असलेल्या सगळ्या पाण्याशी लढावं लागतं. आणि पाणी ऊब सोडतानाही मोठं दिलदार आहे. एक घनमीटर पाणी एका अंशाने गार होतं, तेवढ्या उष्णतेत तीन हजारांहून जास्त घनमीटर हवा एका अंशाने तापते.

ऐंशी अंशांची खंडणी

समजा, एवढं सगळं करून पाणी गोठण्याच्या उंबरठ्यावर आलं. तरी ते लगेच बर्फ होत नाही. १७६०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅकने हे ओळखलं. पाण्याचं बर्फ होताना त्यातून आणखी बरीच उष्णता बाहेर पडते, आणि थर्मामीटर मात्र जागचा हलत नाही. किती उष्णता? एक किलो पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणताना जेवढी निघते तेवढी. शून्यावरच्या पाण्याला शून्यावरचाच बर्फ व्हायचं असेल, तर एवढी खंडणी मोजावी लागते. वितळताना तीच खंडणी उलटी.

या खंडणीवर एकोणिसाव्या शतकात एक अख्खा धंदा उभा होता, आणि त्याची एक शाखा मुंबईत होती. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर आसपासच्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने चौकोनी कापून, लाकडाच्या भुश्यात गुंडाळून परदेशी पाठवायचा. १८३३च्या मे महिन्यात त्याचं ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडून ते सप्टेंबरमध्ये पोहोचलं, तेव्हा त्यात जवळपास १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबईतही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला कोट भागात बर्फघर बांधलं गेलं. चार महिने उन्हातून प्रवास करून बर्फ टिकला तो भुश्यामुळे, हे खरंच. पण वितळायला लागणारी उष्णता इतकी प्रचंड नसती, तर भुसाही कामी आला नसता.

याच बॉस्टनवर १८४४ साली मोठी गमतीची वेळ आली. बॉस्टन म्हणजे रोमच्याच अक्षांशावरचं शहर. त्या हिवाळ्यात तिथलं बंदर गोठलं आणि ‘ब्रिटानिया’ हे टपाल नेणारं आगबोटींतलं नामांकित जहाज आत अडकलं. दोन वर्षांपूर्वी चार्ल्स डिकन्स याच जहाजाने अमेरिकेला आला होता. जहाज अडलं, तर टपालाचं कंत्राट न्यूयॉर्ककडे जाईल, या धास्तीने व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे काढले आणि बोलावलं कोणाला, तर तळ्यावरच्या बर्फवाल्यांना. त्यांनी आपली घोड्यांची अवजारं आणि करवती आणून बंदरातल्या बर्फातून सुमारे सात मैलांची वाट कापली. ३ फेब्रुवारीला ‘ब्रिटानिया’ त्या कालव्यातून बाहेर पडली. गोठलेलं पाणी विकून श्रीमंत झालेल्या गावाने गोठलेलं पाणी हटवायलाही तीच हत्यारं वापरली.

चरबी, धिरडी आणि साय

समुद्र गोठायला लागतो तेव्हा काय दिसतं? तळ्यासारखी एकसंध पापडी दिसत नाही, कारण लाटा तिला टिकू देत नाहीत. आधी पाण्यात बर्फाच्या बारीक चकत्या आणि सुया तरंगू लागतात. गोठण्यालाही दह्यासारखं विरजण लागतं. धुळीचा कण असो की बर्फाचाच एखादा स्फटिक, पहिला फेर कोणाभोवती तरी धरावा लागतो. असं विरजण मिळालं नाही, तर ढगातले अगदी शुद्ध थेंब उणे ३८ अंशांपर्यंत पातळच राहू शकतात. समुद्रात मात्र विरजणाची वाण नसते.

सुया दाट झाल्या की पाण्याची चकाकी जाते आणि त्यावर राखाडी, तेलकट थर पसरतो. लाटा दबतात, वाऱ्याने उठणारी बारीक नक्षी नाहीशी होते. रशियन खलाशी या अवस्थेला ‘सालो’ म्हणतात, म्हणजे चरबी. मग या चरबीच्या गोळ्यांच्या ताटाएवढ्या चकत्या बनतात. लाटांवर हिंदकळत त्या एकमेकींवर आपटतात, त्यामुळे त्यांच्या कडा वर वळतात. रशियन लोकांना त्यात त्यांची ‘ब्लिनी’ दिसते. आपल्याला दिसतील तव्यावरून नुकती उतरलेली, कडा सुटलेली धिरडी. धिरडी एकमेकींना चिकटली की अखंड बर्फ.

गोठताना रेणूंचा फेर मिठाला आत घेत नाही. मीठ बाहेर ढकललं जातं, काही थेंब बर्फातल्या बारीक नळ्यांत अडकतात, बाकीचं अतिखारं पाणी खाली ठिबकतं. फ्रीझरच्या प्रयोगात गाळणीखाली जे निथळलं होतं, तेच हे. म्हणूनच समुद्रातला वर्षानुवर्षांचा जुना बर्फ वितळवला, तर पिण्याजोगं पाणी मिळतं.

एकदा साय धरली की बर्फ जाड होतो तो खालच्या बाजूने, आणि वाढता वाढता मंदावतो. उष्णतेला आता बर्फाच्या गोधडीतून वर जावं लागतं आणि गोधडी रोज जाड होत असते. १८९१ साली योसेफ श्टेफान या शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. थंडी तीच राहिली, तर जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. अर्खांगेल्स्कसारख्या बंदराची एक विचित्र अडचण यातूनच येते. आइसब्रेकर बर्फावर चढतो, आपल्या वजनाने तो मोडतो आणि वाट करतो. पण वाट केली म्हणजे गोधडी फाडली. उघडं पडलेलं पाणी परत झपाट्याने गोठतं, परत मोडावं लागतं, आणि महिनाभरात त्या वाटेत तुकड्यांचा इतका खच पडतो की तो आजूबाजूच्या अखंड बर्फापेक्षाही जाड होतो.

आता नकाशा पुन्हा उघडू

अर्खांगेल्स्क वसलं आहे उत्तर द्विना नदीच्या मुखाशी. एवढी मोठी नदी आपलं गोडं पाणी श्वेत समुद्रात आणून ओतते. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर झाकणासारखं पसरतं. थंडीला आता सगळा समुद्र गार करायची गरज नाही, झाकण गोठवलं की झालं. वरून श्वेत समुद्र मोठ्या समुद्राला जोडला आहे तो एका चिंचोळ्या सामुद्रधुनीने. तिचं नावच ‘गोर्लो’, रशियन भाषेत घसा. बाहेरचं ऊबदार पाणी त्या घशातून फारसं आत उतरत नाही. म्हणजे अर्खांगेल्स्क नावाला समुद्रकाठी, वागायला तळ्याकाठी.

मुर्मान्स्कच्या खाडीत याच्या उलट. ती खोल आहे, काही ठिकाणी दोनशे मीटरहूनही खोल. भरती-ओहोटी तिला दिवसातून दोनदा ढवळते. आणि तिच्या तोंडाशी येणारं पाणी फार लांबून आलेलं असतं. मेक्सिकोच्या आखातातून निघालेला गल्फ स्ट्रीम फ्लोरिडाजवळून जाताना सेकंदाला सुमारे ३ कोटी घनमीटर पाणी नेतो. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या, तरी त्या साधारण १२ लाखांच्या आसपास भरतात. गल्फ स्ट्रीमचा एक फाटा अटलांटिक ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्याने वर चढतो, युरोपच्या उत्तर टोकाला वळसा घालतो आणि मुर्मान्स्कच्या बाजूने पूर्वेला जातो. वाटेत तो ऊब वाटत आलेला असतो, पश्चिमेचे वारे ती किनाऱ्यावर नेतात. तरीही इथे पोहोचेपर्यंत त्यात चार-पाच अंश शिल्लक असतात आणि मीठ भरपूर असतं. हे मीठच त्याला गोठू देत नाही. वरचा थर गार होऊन बुडत राहतो, खालून ऊब वर येत राहते. खाडीच्या दक्षिण टोकाला दोन नद्या येऊन मिळतात. कडक हिवाळ्यात बर्फ धरलाच तर तो तिथे, गोड्या पाण्याच्या झाकणावर.

हाच न्याय लावला, की नकाशावरच्या इतर जोड्याही उलगडतात. स्वीडनच्या किरुनाचं लोहखनिज पूर्वेला लुलेओ बंदरात नेता येतं. पण तिथलं बॉथनियाचं आखात जवळपास गोडंच, लिटरमागे तीनेक ग्रॅम मीठ. ते दर हिवाळ्यात गोठतं. म्हणून डोंगर फोडून पश्चिमेला नॉर्वेतल्या नार्विकपर्यंत रेल्वे नेली. १९०३ साली तिचं रीतसर उद्घाटन झालं. नार्विक लुलेओच्या उत्तरेला आहे आणि बारमाही मोकळं आहे. एप्रिल १९४० मध्ये हिटलरने नॉर्वेवर झडप घातली, त्यामागे हिवाळ्यातही वाहणारं हे लोखंड मोठं कारण होतं.

व्लादिवोस्तोक तर फ्रान्सच्या मार्सेयच्या रेषेत, ४३ अक्षांशावर. मार्सेयला हिवाळ्यात लोक किनाऱ्यावर फिरायला जातात. व्लादिवोस्तोकला लोक उपसागराच्या बर्फाला भोकं पाडून मासे धरतात. तिथे हिवाळ्यात वारा येतो तो सायबेरियाच्या पोटातून, आणि ऊब आणणारा प्रवाह किनाऱ्याला नाही.

आपल्याकडेही बंदर बंद होणं नवं नाही. कोकणात पावसाळ्यात दर्या खवळला की होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडूनच पुन्हा पाण्यात लोटतात. पण एवढ्या प्रचंड देशाचं आरमार दर वर्षी काही महिने असं कोंडून पडलं तर? रशियाच्या इतिहासात ‘न गोठणारं बंदर’ हा शब्दप्रयोग म्हणूनच पुन्हा पुन्हा येतो. व्लादिवोस्तोक गोठतं म्हणून रशियाने १८९८ साली चीनकडून पोर्ट आर्थर भाडेपट्ट्याने घेतलं, आणि १९०४ मध्ये जपानशी युद्ध पेटलं तेव्हा पहिला हल्ला त्याच बंदरावर झाला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीने बाल्टिक आणि तुर्कस्तानने काळ्या समुद्राची वाट अडवली. उरलं अर्खांगेल्स्क, तेही निम्मं वर्ष बर्फात. तेव्हा युद्धकैद्यांना जुंपून, दलदलीतून आणि गोठलेल्या जमिनीवरून घाईघाईने एक रेल्वे उत्तरेला नेली गेली. तिच्या टोकाला १९१६ साली जे गाव वसवलं, तेच मुर्मान्स्क.

दुसऱ्या महायुद्धात याच मोकळ्या पाण्याच्या भरवशावर ब्रिटन-अमेरिकेचे जहाजांचे तांडे आर्क्टिकमधून रशियाकडे जात. १९४१ ते १९४५ या काळात त्यांनी सुमारे ४० लाख टन माल पोहोचवला. त्या खलाशांच्या आठवणींत एक गोष्ट हटकून येते. समुद्र गोठत नव्हता, पण लाटांचे तुषार डेकवर पडले की जागीच बर्फ व्हायचे. तोफा, दोर, कठडे सगळं बर्फाने जाड व्हायचं आणि त्या वजनाने जहाज कलंडेल या भीतीने खलाशी कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन तो फोडत बसायचे. पाणी तेच, मीठ तेच, हवा तीच. समुद्रात होता तोवर प्रत्येक थेंबाच्या मागे शेकडो मीटर पाण्याची ऊब उभी होती. डेकवर उडाला आणि एकटा पडला, तसा क्षणात गोठला.

सड्यावरून दिसणारं आर्क्टिक

मुर्मान्स्कच्या धक्क्याला ‘लेनिन’ नावाचं जहाज कायमचं बांधून ठेवलं आहे. १९५९ साली कामाला लागलेला हा जगातला पहिला अणुशक्तीवरचा आइसब्रेकर आता संग्रहालय झाला आहे. रशियाच्या आजच्या अणुशक्तीवरच्या आइसब्रेकरांचा ताफाही मुर्मान्स्कलाच असतो. साहजिकच आहे. बर्फ फोडायला निघणाऱ्याचं स्वतःचं दार तरी बर्फाने बंद होता कामा नये.

नॉर्वेच्या टोकाशी त्या ऊबदार प्रवाहाचे दोन फाटे होतात. एक मुर्मान्स्ककडे वळतो, दुसरा सरळ उत्तरेला स्वालबार्ड बेटांच्या पश्चिम किनाऱ्याने जातो. तिथे ७९ अक्षांशाजवळ काँग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे आणि तिच्या काठी २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र. २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी या खाडीच्या पाण्यात ‘इंडआर्क’ नावाची उपकरणांची माळ नांगरून ठेवली. वेगवेगळ्या खोलींवर पाणी किती ऊबदार आणि किती खारं आहे, याची ती वर्षभर अंधारात नोंद करते. पूर्वी ही खाडी हिवाळ्यात नेमाने गोठायची. २००६ नंतरच्या बऱ्याच हिवाळ्यांत अटलांटिकचं ऊबदार पाणी आतपर्यंत शिरलं आणि बर्फ धरलाच नाही, किंवा धरला तो तोकडा. बंदर म्हणून पाहिलं तर छानच. पण खाडीतल्या बर्फावर पिल्लांसाठी बिळं करणाऱ्या सीलला ते छान वाटत नाही.

‘हिमाद्री’चा कारभार पाहणारी संस्था गोव्यात आहे, वास्कोजवळ सड्याच्या उंचवट्यावर. खाली मुरगावचं बंदर, नार्विकसारखंच लोहखनिजाच्या जहाजांनी ओळखलं जाणारं. त्या बंदरातलं पाणी बारा महिने सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं. ते गोठेल का, हा प्रश्न तिथे कोणाच्या मनातही येत नाही. आणि वर सड्यावर, पंख्याखाली बसून, कोणीतरी काँग्सफ्योर्डच्या गेल्या हिवाळ्याचे आकडे चाळत असतं. यंदा पाणी उणे १.९ च्या जवळ किती दिवस गेलं, आणि गेलं तेव्हा खालून कोण वर आलं.